डाव्या हाताची खुर्ची

लेकीकडे परदेशात येऊन कंपाउंडरकाकांना पंधरवडा होत आला होता. जन्मभर दवाखान्यात औषधाच्या बाटल्या भरल्या, त्यामुळे निवृत्त झाले तरी नाव तेच चिकटलं. परत जायच्या आधी त्यांना एकच गोष्ट हवी होती: लेकीने बायबल मोठ्याने वाचलेलं ऐकायचं. तिची आई गेली तेव्हापासून पोरीने पुस्तकाला हात लावला नव्हता. विषय काढला की ती भांडी घासायला उठायची, आणि भांडी आधीच घासून झालेली असायची.

पलीकडच्या गल्लीत एका कुलूपवाल्याच्या घरी दर आठवड्याला बायबलचा अभ्यास चाले. तिथे जायचंच, असा काकांनी हट्ट धरला.

"सोबत म्हणून येते," लेक म्हणाली. "पण मला वाचायला लावू नका."

लोकांची कुलपं बसवून देणाऱ्या या गृहस्थाचं स्वतःचं दार मात्र सताड उघडं, खाली जुना बूट अडकवलेला. काकांना तो माणूस तिथेच आवडला. आत एकीचा दुसरीशी मेळ नसलेल्या खुर्च्या गोल मांडलेल्या, कोपऱ्यात चहाची किटली. हुबेहूब आपल्या घरची बुधवारची सभा. तिथेही खुर्च्या अशाच चार घरांतून गोळा केलेल्या असत. त्यांनी लेकीला उजव्या हाताला बसवलं. डाव्या हाताची खुर्ची रिकामी राहिली आणि तिच्यावर कुणीतरी कोट टाकला.

रीत सोपी होती. पाळीपाळीने एकेक वचन वाचायचं, ज्याने त्याने आपापल्या भाषेत. त्या दिवशीचा भाग होता रात्रभर जाळी टाकून दमलेल्या कोळ्यांचा, आणि किनाऱ्यावर प्रभूने त्यांच्यासाठी आधीच पेटवून ठेवलेल्या विस्तवाचा.

काकांनी लगेच माणसं मोजायला घेतली. ही त्यांची जुनी खोड. आपल्या वाट्याला कुठलं वचन येणार ते आधी हुडकायचं आणि मनातल्या मनात घोकायचं, म्हणजे चारचौघांत जीभ अडखळायला नको. त्या नादात बाकीच्यांचं वाचन कानावरून जायचं. घरी बायको डाव्या हाताला बसे. स्वतःचं वाचून झालं की ती कोपराने ढोसून म्हणे, "हं, आता तुमचं." काकांचा उभा संसार त्या कोपरावर चाललाय, असं सभेतली मंडळी त्यांना चिडवत.

पाळी फिरत आली. कोटापलीकडच्या शिक्षिकाबाई वाचून थांबल्या. काकांना कुणी ढोसलं नाही, म्हणून थोडा वेळ तसाच गेला. मग त्यांनी घोकलेलं वचन खणखणीत वाचलं, प्रभूने भाकर हातात घेऊन सगळ्यांना वाढली ते. खोलीत बाकी कुणालाच मराठीचा गंध नव्हता. सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या.

लेकीने मात्र मान डोलावली नाही. ती वाकून पुस्तकात बघत होती.

"बाबा, तुमचं याच्या आधीचं होतं. मधलं एक राहिलं."

काकांनी मागच्या ओळीवर बोट ठेवलं. दमलेल्या कोळ्यांना जेवायला बोलावलेलं वचन. मग त्यांनी डावीकडच्या खुर्चीकडे पाहिलं आणि आपला घोळ त्यांच्या ध्यानात आला.

"ते तुझ्या आईचं," ते म्हणाले. "मी तिला धरून मोजलं."

त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. कुलूपवाल्याला शब्द कळले नव्हते, पण त्याने पुढच्याला वाचायला सांगितलं नाही.

लेक उठली. तिने तो कोट उचलून आपल्या खुर्चीवर ठेवला आणि बापाच्या डाव्या हाताला येऊन बसली. पुस्तक स्वतःकडे ओढलं. पहिल्याच शब्दाला आवाज चिरकला. तरी जेवायला बोलावलेलं ते वचन तिने शेवटपर्यंत वाचलं, थेट आईसारखं, स्वयंपाकघरातून हाक मारावी तितक्या मोठ्याने. काका ऐकतच राहिले. आपल्याला आता पुन्हा वाचायचंय, याचं त्यांना भानच नव्हतं.

तेवढ्यात बरगडीत कोपर बसलं.

"हं," लेक म्हणाली, "आता तुमचं."