थोरलीच्या ओठातला गळ

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका, जवळ आलात तर टोचेन. मी एक जुना गळ आहे. अंगावर गंज चढलाय, टोक मात्र अजून शाबूत आहे, आणि रागही. जुनं दप्तर, फुटकी छत्री, मोडकी खुर्ची यांच्या कहाण्या तुम्ही शाळेत वाचल्या असतील. बिचारी सगळी कशी गोड बोलतात! मला ते जमत नाही. झालेलं आठवलं की माझं डोकं फिरतं. डोकं म्हणजे माझं नेढं, दोरा ओवायचं भोक. तेवढंच आहे मला, पण फिरतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. तारेचा तुकडा तोडला, टोक घासलं, वाकवला, तापवला, तेलात बुडवला आणि पाकिटात भरला. टोकाजवळ एक उलटा काटा होता, शिरलो की बाहेर येऊ नये म्हणून. त्याचा मला फार तोरा होता.

दुकानात मला वहिनींनी निवडलं. या बाई घरी शिवणकाम करायच्या. त्यांचा धाकटा दीर त्यांना वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून तळ्यावरचे सगळेच म्हणू लागले. दिराला त्या भाऊजी म्हणत. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. सुट्टीच्या दिवशी दोघं जोडीनं तळ्यावर जात, गळाला कार्प मासा लावायला.

"वहिनी, मोठा गळ घ्या की. मासा मोठा हवा ना?" भाऊजी दुकानात म्हणाले.

"आमिषाची गोळी केवढी, ते बघून गळ घ्यायचा भाऊजी. गोळीपेक्षा गळच मोठा दिसला तर मासा काय आंधळा आहे?"

वहिनींनी माझं टोक अंगठ्याच्या नखावर ठेवून हलकेच ओढलं. बोथट गळ घसरतो, मी रुतलो. "हा चालेल," त्या म्हणाल्या. घरी आल्यावर मात्र त्यांनी पक्कड घेतली आणि माझा उलटा काटा दाबून सपाट करून टाकला. माझा काय संताप झाला म्हणून सांगू! ज्याचा तोरा मिरवायचा तेच नाक कापलं बाईनं. वहिनी मला उजेडात धरून म्हणाल्या, "आता दोर सैल पडला की मासा तुला झटकून टाकेल. हेच हवंय मला." तेव्हा ते माझ्या पचनी पडलं नाही. आज कळतंय.

शिवणयंत्रापाशी, अर्धवट शिवलेल्या शर्टांच्या ढिगाशेजारी बसून त्या मला बांधत. कार्पची तऱ्हा वेगळी असते. तो अन्न ओढून तोंडात घेतो, चाचपतो आणि शंका आली की फुर्रकन बाहेर फेकतो. म्हणून गोळी माझ्या अंगावर टोचत नाहीत. माझ्या वाकामागे केसासारखा दोरा सोडून त्यावर ती ओवतात, मी उघडाच राहतो. मासा गोळी फेकायला गेला की माझं टोक त्याच्या खालच्या ओठात अडकतं आणि माझ्या नेढ्यातल्या दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शिशाच्या वजनानं पक्कं बसतं. तळाशी चिखल असेल तर वहिनी माझा शिशापर्यंतचा दोरा लांब ठेवत, खडी असेल तर आखूड.

एका गोष्टीत मात्र त्या कुणाचं ऐकत नसत. शिसं नेहमी रबराच्या सैल चिमट्यात. ते कुठे अडकलं, किंवा तंगूस, म्हणजे रिळावरचा नायलॉनचा दोर, तुटला, तर चिमटा उघडायचा आणि शिसं गळून पडायचं. मासा मोकळा. काठीनं गळ पाण्यात टाकण्याआधी त्या शिसं हातानं ओढून बघत. नाही निघालं तर पुन्हा बांधत.

आमच्या तळ्यावर मासा खात नसत, घरीही नेत नसत. ओल्या गादीवर ठेवायचा, मला ओठातून काढायचं, जखमेवर औषधाचा थेंब लावायचा आणि परत पाण्यात. तिथे एक म्हातारी मादी होती. शेपटीजवळची खवलं गेलेली, पोट हे एवढं. सगळे तिला थोरली म्हणत. ती लागली की तळ्यावरची माणसं आपापल्या काठ्या सोडून बघायला धावत. एका हंगामात ती मला लागली. वहिनींनी तिला पाण्यात सोडताना म्हटलं, "जा गं बाई, तब्येतीला जप." तळ्याच्या राखणदारानं मला उचलून सगळ्यांना दाखवलं, "हाच तो गळ!" मी फुगलो. कबूल करतो, खूप फुगलो.

आता ऐका भाऊजींचा पराक्रम.

भाऊजींचं शिसं पाणवेलीत सारखं सुटून पडायचं. सुटणारच, त्यासाठीच तर चिमटा! पण त्यांना कटकट नको होती. त्यांनी घरून चिमट्यात गोंद भरून आणला, वरून दोऱ्याचे वेढे घट्ट आवळले. "एकदाच पक्कं करून टाकलं, आता जातंय कुठे?" असं स्वतःशीच म्हणाले. त्या दिवशी वहिनी पलीकडच्या काठावर बसल्या होत्या. भाऊजींचे गळ बोथट झालेले. त्यांनी ओरडून विचारलं, "वहिनी, तुमचा एक घेतो हो!" वहिनींनी हात हलवला. भाऊजींनी त्यांच्या इकडे राहिलेल्या डब्यातून मला वहिनींनी बांधलेल्या दोऱ्यासकट उचललं आणि त्या गोंदाच्या गोळ्याशेजारी बांधलं. मला तोंड असतं तर मी तिथेच बोंब ठोकली असती.

वर त्यांनी मला फेकलं कुठे? पाण्यात आडव्या पडलेल्या झाडापाशी! राखणदार रोज घसा कोरडा करून सांगायचा, तिथे टाकू नका.

थोडा वेळ गेला आणि गोळी ओढली गेली. मी ओठ ओळखला. थोरली. ती झाडाकडे धावली, भाऊजींनी सगळा जोर लावून ओढलं, तंगूस फांदीवर घासला आणि तुटला.

आता शिसं पडायला हवं होतं. पडलं नाही. थोरली माझ्यासकट, दोऱ्यासकट, शिशासकट आणि मागे लांबलचक तंगूस घेऊन झाडात शिरली. तो फांदीला गुंडाळला गेला, शिसं खाली लोंबत राहिलं, दोरा कायम ताणलेला. तो एकदा जरी सैल पडला असता तरी मी निसटलो असतो, काटा तर माझा नव्हताच. तो सैल पडेना. ती ओढायची, मी आणखी रुतायचो. खायला काही नाही, वळायला जागा नाही. आठवडाभर मी त्या ओठात होतो, मित्रांनो. ज्या धारेची वहिनींनी तारीफ केली होती, तिची मला शिसारी आली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी राखणदाराला पाण्यात काहीतरी उलटंसुलटं होताना दिसलं. त्यानं होडी घातली. वहिनी सोबत बसल्या, भाऊजीही बसले, त्यांना नाही म्हणता येईना. फांदीचा तंगूस कापून थोरलीला काठाशी उथळ पाण्यात आणलं. वहिनींनी मला ओठातून काढलं, माझी गाठ पाहिली आणि थबकल्या. स्वतःच्या हातची टीप शिंपिणीला कळणार नाही? मग त्यांनी शिसं धरून ओढलं. पुन्हा ओढलं. दातांनी ओढलं.

"भाऊजी, हे काय आहे?"

"गोंद आहे. सारखं पडायचं ना, म्हणून..."

"त्या दिवशी तंगूस तुटून मासा गेला तेव्हा मी विचारलं होतं, शिसं सुटलं ना? तुम्ही काय सांगितलंत?"

भाऊजी चिमट्यातला गोंद नखानं खरवडू लागले.

"काय सांगितलंत?"

"सुटलं म्हणालो. तुम्ही चिडाल म्हणून म्हणालो वहिनी."

"मी चिडेन म्हणून!" वहिनींचा आवाज सगळ्या काठावर गेला. "अहो, मी चिडले असते, चार शब्द बोलले असते आणि तासाभरात होडी घेऊन हिला सोडवलं असतं! माझ्या चार शब्दांना भ्यालात आणि हिला आठ दिवस बांधून ठेवलंत?"

"आता काय करू, सांगा ना."

"या पाण्यात. बूट राहू द्या. दोन्ही हातांनी धरा तिला, तोंड पाण्याकडे. कल्ले हलू द्या."

भाऊजी कपड्यांनिशी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. थोरलीला तळहातांवर धरून उभे राहिले. कल्ले हलत होते, मग थांबून थांबून हलू लागले. मी वहिनींच्या मुठीत होतो, त्यांच्या बोटाला टोचत होतो, त्यांचं लक्ष नव्हतं.

"वहिनी," बऱ्याच वेळानं भाऊजी म्हणाले, "हलत नाहीये."

"धरा."

"वहिनी, ती गेली हो."

"माहितीये मला. धरा अजून."

आज मी राखणदाराच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे, त्या चिकटवलेल्या शिशासकट. वहिनींनीच टांगलं, येणाऱ्यानं बघावं म्हणून. नवे लोक येतात, माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "थोरलीला धरणारा तो हाच ना? काय जबरदस्त गळ आहे!" फोटोही काढतात. जळला तुमचा फोटो! मी धरलं हे कौतुक नाही, मला सोडू दिलं नाही ही तक्रार आहे.

माझी धार बघू नका, मित्रांनो. माझ्याशेजारचं शिसं बघा. मग तुमची काठी घ्या आणि पाण्यात टाकण्याआधी तुमचं शिसं हातानं ओढून बघा. हाती आलं तर खुशाल टाका. नाही आलं, तर घरी जा.