माझ्या गळ्यावरचं नाव

मी देग बोलतेय, आणि जरा मोठ्यानंच बोलतेय. पंगतीचं जेवण शिजवायचं तांब्याचं भांडं मी, पोट मोठं आहे, आवाज घुमणारच. छत्रपती संभाजीनगरातल्या लग्नांत ज्यांनी नान-खलिया, म्हणजे नानरोटी आणि मटणाचा रस्सा, चापून खाल्लाय, त्यांतल्या बऱ्याच जणांना मी ओळखते. त्यांनी मला पाहिलंही नसेल. जेवणाऱ्याचं लक्ष ताटाकडे असतं.

माझा जन्म तांबटाच्या हातोड्याखाली झाला. ठोके खाऊन खाऊनच मला आकार आला, त्यामुळे मार खाण्याचं मला फारसं भय नाही. गुलमंडीजवळच्या एका दुकानात मी चमकत बसले होते, तिथून मला पैठणच्या दस्तगीर पठाणांनी उचललं. ते पेशानं बावर्ची. लेकीची, तस्लीमची, शादी ठरली होती. बाकीचे बाप कपाट देतात, फ्रिज देतात आणि हा गृहस्थ देग घेऊन निघाला!

दुकानदारानं नाव कोरायचं यंत्र हातात घेतलं. "चाचा, जावयाचं नाव टाकू ना?"

"नाय. लेकीचं टाक," दस्तगीर म्हणाले. "माझा हात तिलाच आलाय. देग तिचीच ऱ्हाईल."

मग ते यंत्र गुरगुरत माझ्या गळ्यावरून फिरलं. गुदगुल्या झाल्या, पण फार बरं वाटलं.

रोशन गेटच्या सासरी मला पाहून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुढच्याच ईदला तस्लीमनं माझ्यात खलिया केला आणि त्याच बायका बोटं चाटत बसल्या. तिचा नवरा मुश्ताक तर मिटक्या मारत खायचा आणि हात धुऊन निघून जायचा. मला घासायचं काम तस्लीमचं. चिंच आणि राख घेऊन बसायची, गळ्यावरची अक्षरं बोटानं पुसून घ्यायची. दस्तगीर गेले तेव्हा तिनं त्या अक्षरांवर गाल टेकवला होता. मला बाई फार भरून आलं होतं.

पुढं मुश्ताकचं मन उडालं. त्यानं दुसरा संसार मांडला आणि तस्लीमला नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. मला मात्र ठेवून घेतलं, कारण भाड्यानं द्यायला मी बरी होते. परक्या चुलींवर मी चढत राहिले. आतून कल्हई व्हायची, बाहेरून कुणी हात लावला नाही. काजळीचे थर चढत गेले आणि माझं नाव त्यात बुडालं.

तस्लीम गप्प बसली नाही. मुकुंदवाडीच्या वकील सुलेखाताईंना गाठून तिनं कौटुंबिक न्यायालयात पोटगी मागितली. मुश्ताकनं तिथं लिहून दिलं, 'मी हिला केव्हाच तलाक दिलाय, पोटगीचा संबंधच नाही.'

"लिहू दे त्याला काय लिहायचं ते," सुलेखाताई तिला म्हणाल्या. "तलाक झाला असला तरी पोटगी द्यावी लागती, नसला तरी द्यावी लागती. तू भिऊ नको." हे सगळं मला तस्लीमनं नंतर, घासता घासता सांगितलं.

पण तिला मोहल्ल्यासमोरही मोकळं व्हायचं होतं. 'अजून निकाहात आहेस' असं कुणी सुनवायला नको होतं. म्हणून ती दारुल कझात, धर्माच्या न्यायालयात गेली. तिथला निवाडा म्हणजे सरकारी हुकूम नव्हे, पण वस्ती तो मानते. तिनं खुला मागितला, म्हणजे बायकोनं स्वतः मागून घेतलेली सुटका. शिवाय आपली देग मागितली. काझीसाहेब म्हणाले, देग इथं आणा.

अशी मी टेम्पोत बसून दारुल कझाच्या अंगणात उतरले, काळीकुट्ट. मला पाहून तस्लीमनं तोंडावर हात धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुश्ताक ऐटीत उभा होता. "हजरत, मैंने तलाक कब दिया? बीवी है मेरी. खुला होना तो महर छोडे, देग छोडे, कोर्ट का केस भी उठा ले."

निकाहात नवऱ्यानं द्यायची कबूल केलेली रक्कम, तो महर, तिनं सोडला असता, कदाचित मलाही सोडलं असतं. पण पोटगी सोडली तर खायचं काय?

तस्लीम उठली. "कोर्ट में लिखके दिए, तलाक हो गया. यहाँ बोलते, दियाच नहीं. हजरत, इनकूच पूछो, सच्ची बात कौनसी है?"

काझीसाहेब मुश्ताककडे रोखून पाहत म्हणाले, तलाक तू दिला असशील तर खुला कशाचा? ती मोकळीच आहे आणि पूर्ण महर तुझ्याकडून येणं आहे. दिला नसशील तर कोर्टात खोटं का लिहिलंस? आणि पोटगीचं काम कोर्टाचं, त्यात मी हात घालणार नाही.

कोर्टात खोटं लिहिल्याचं कबूल करणं मुश्ताकला परवडणारं नव्हतं. "दिया, हजरत. तलाक दिया." सगळं हातातून निसटतंय म्हटल्यावर त्यानं माझा काठ धरला. "मगर ये देग मेरे अब्बा की है! खानदानी है!"

तस्लीमनं आतल्या बायकांकडून चिंच आणि राख मागवली. बुरख्याच्या बाह्या वर सारल्या आणि माझ्यापुढं बसकण मारली. काय तो हात! वर्षांची काजळी ओघळायला लागली. आधी एक वेलांटी उघडी पडली, मग अक्षर, मग अख्खी ओळ. काझीसाहेब चष्मा सावरत वाकले आणि मोठ्यानं वाचू लागले, "कुमारी तस्लीम दस्तगीर पठाण हिला वडिलांकडून सप्रेम भेट."

मग काझीसाहेब शांतपणे म्हणाले, "मुश्ताक, तेरे अब्बा का नाम तस्लीम था क्या?"

बायका पडद्याआड खो खो हसल्या. तस्लीम हसता हसता रडत होती, आणि तिची काळी बोटं बापाच्या नावावरून फिरत होती. इतकी वर्षं माझ्यातलं खाणाऱ्याला माझ्या गळ्यावर काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं, कारण त्यानं मला एकदाही घासलं नव्हतं!

काझीसाहेबांनी तस्लीमला मोकळी ठरवलं, महर आणि देग तिच्या हवाली करायला लावली. पुढं कोर्टानंही पोटगीचा हुकूम दिला. तस्लीम आता स्वतः ऑर्डरी घेते. पुरुष बावर्च्यांनी आधी नाकं मुरडली, आता लग्नाच्या हंगामात तेच मसाल्याचं विचारायला येतात. मी चुलीवर ऐसपैस बसते. गळा लख्ख आहे, नाव लांबून वाचता येतं.

माझं एवढंच मागणं आहे. लेकीला भांडं द्याल तर त्यावर तिचंच नाव घाला. आणि जावईबापू, तुम्हीही अधूनमधून भांडी घासत जा. निदान त्यावर काय लिहिलंय ते तरी कळेल!