लांबून काढलेला फोटो

लिलाबाई रिसोडच्या फोटो स्टुडिओत शिरली ती चप्पल न काढताच. मागून तिची लेक पल्लवी आली आणि तिनं मोबाईल काउंटरवर आपटला. फोटोत लिलाबाई डोक्यावर पोतं घेऊन चालली होती. खांद्याला अगदी लागून सोयाबीनची सुडी, कापून रचलेला ढीग.

"हा तूच काढला ना, भाऊ?"

"हो मावशी!" फोटोग्राफर पवन खुशीत म्हणाला. "लई लाईक आले याले."

"माह्या आईले गाव चोर म्हणून राह्यलं," पल्लवी म्हणाली. "मोज तुहे लाईक."

बबनरावांच्या याच सुडीतलं सोयाबीन कुणीतरी नेलं होतं. तेवढ्यात हा फोटो गावाच्या ग्रुपवर आला आणि लोकांना चोर सापडला. लिलाबाई तर पलीकडच्या वावरात सरवा वेचत होती. मालकानं पीक उचललं की खाली राहिलेल्या शेंगा वेचणाऱ्याच्या. त्यासाठी कुणी कुणाला विचारत नाही. म्हणून तिला साक्षीदारही नव्हता. सकाळी मुकादम रंगूबाईनं तिला कापूस वेचणीच्या टोळीतून काढलं होतं. हिनं चोरलं नाही असं बबनराव स्वतः म्हणाले तरच परत घेईन, असं तिनं तोंडावर सांगितलं होतं.

पवनचा चेहरा उतरला. "आत्ताच डिलीट करतो."

"गावच्या मोबाईलमंधून कसा करशीन? सुडी तं पार धुऱ्यापलीकडं होती. माह्या खांद्याले कशी चिकटली, ते सांग."

"मी रस्त्यावर होतो. मोठी लेन्स होती. लांबून झूम केलं की मागचं अन् पुढचं एकमेकाजवळ दिसते."

"लांबून काहून? जवळ याचं होतं."

"जवळ आलो असतो तर तुमी पदर सावरून उभ्या राह्यल्या असत्या. मग तो फोटो..."

"म्हंजे मले विचारा लागू नये म्हणून."

"हो मावशी," पवन म्हणाला.

"चाल मंग. हेच बबनभाऊले सांग."

वावरात बबनराव मोटारसायकलवर आले. मागोमाग चार रिकामे लोकही. पवननं लिलाबाईला त्याच जागी उभं केलं, आधी रस्त्यावरून फोटो काढला, मग जवळून. पहिल्यात सुडी तिच्या खांद्याशी होती. दुसऱ्यात मधे धुरा, म्हणजे शेताचा बांध, मोकळं धसकट, आणि कुठंतरी मागं एवढीशी सुडी. बबनरावांनी दोन्ही फोटो पाहिले, मान वर करून खरी सुडी पाहिली.

"अजब आहे बुवा," ते म्हणाले.

लिलाबाईनं श्वास सोडला.

"पण काय रे," बबनराव पवनकडे वळले, "रस्त्यावर लपून बायांचे फोटो काढतो तू? आमच्या सुनाबी येतात वावरात."

"याचा कॅमेराच घ्या," कुणीतरी म्हणालं. एकानं त्याची कॉलर धरली. सगळे पवनभोवती जमले.

लिलाबाई बाजूलाच राहिली. ती घाईनं पुढं झाली. "बबनभाऊ, म्या चोरलं नाई, तेवढं ग्रुपवर बोला."

"पाहू. चोर तं सापडू दे."

"तवरक म्या काय खाऊ?"

"पोतं तं तुह्याच डोक्यावर होतं ना, बाई," एक जण हसला. बबनराव हसले नाहीत, पण त्याला गप्पही केलं नाही. त्यांनी गाडीला किक मारली.

लिलाबाईनं दोन्ही हातांनी कॅरिअर धरलं. गाडी सरकली, तिचे पाय धसकटात घासत गेले.

"आई, सोड!" पल्लवी ओरडली.

"नाई सोडत. बोला ना, बबनभाऊ. बोला पयले."