खांबामागची चार अंडी

सांगवीच्या अलीकडं, उसाच्या फडांना लागून एक शाळा आहे. तिथं स्वरूपा मॅडम विज्ञान शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे काय, अंगातच यायचं त्यांच्या! सुगरणीचं पडलेलं घरटं घेऊन वर्गात यायच्या, भर उन्हात पोरांना सावल्या मोजायला लावायच्या, आणि गुरूचे चंद्र सांगताना बोलण्याच्या भरात खडू मोडायच्या. वर खो-खोचा संघही त्यांच्याकडंच, तोही स्वतःहून मागून घेतलेला. खांबाला वळसा घालताना अंग आत का झुकवायचं, हे त्या मैदानात काठीनं ग्रहांच्या कक्षा काढून समजवायच्या. मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, एक काय ते धरा." पण ऐकतील तर त्या मॅडम कसल्या!

यंदा पावसानं ओढ दिली आणि ऑगस्टात टिटवीनं मैदानातच अंडी घातली. उघड्या मुरमावर, खांबामागं, रेषेच्या बाहेर दोन हातांवर. चार अंडी, आणि अशी मातकट ठिपक्यांची की जवळ उभं राहिलं तरी खडेच वाटावेत. ती पहिल्यांदा दिसली सिमरनला. सायकल दुरुस्तीवाल्या हैदरभाईंची ही पोरगी, आठवीतली, संघातली सगळ्यात चपळ. ती सूर मारायची तेव्हा बघणारे उठून उभे राहायचे.

मॅडमना तर काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी अंड्यांभोवती फक्कीचा गोल आखला आणि त्याला नाव दिलं 'कक्षा'. कक्षेच्या आत कुणी पाय टाकायचा नाही. पोरींनी अंड्यांची बारशीही उरकली, बुध, शुक्र, मंगळ आणि गुरू. मधल्या सुट्टीत आळीपाळीनं राखण सुरू झाली. कुत्रं आलं की पोरी डबा टाकून धावायच्या.

अडचण एवढीच होती की तालुक्याचे खो-खोचे सामने याच मैदानावर व्हायचे होते. मॅडमनीच हट्टानं मागून आणले होते ते. पण त्यांच्याकडं तोड होती. "टिटवीची अंडी रोज हातभर सरकवायची," त्यांनी वर्गात सांगितलं, "ती मागं मागं येते. एकदम लांब नेली तर मात्र ती येत नाही, जुन्या जागेलाच चिकटून राहते. सामन्यांपर्यंत आपण कुंपणाला पोचू."

तोड नामी होती, पण सुरू कुणी करायची? त्याच दिवसांत विज्ञान प्रदर्शन आलं आणि मॅडम चांद्रयानाच्या प्रतिकृतीत अडकल्या. पुठ्ठा, चमकीचा कागद, जुन्या खेळण्यातली चाकं! पोरी रोज विचारायच्या, "मॅडम, आज सरकवायची का?" आणि मॅडम तोंडात चिकटपट्टीचा तुकडा धरून म्हणायच्या, "उद्या गं, उद्या नक्की." यान झकास झालं, त्याला बक्षीसही मिळालं. अंडी होती तिथंच राहिली.

सामन्यांच्या दिवशी सकाळी क्रीडा समितीचे युवराज सर मैदान बघायला आले. कक्षा बघून कपाळाला हात लावला त्यांनी. "मॅडम, खांबामागं पोरी सूर मारत्यात. हितं अंडीबिंडी न्हाय चालायची. हलवा, न्हायतर सामने बारामतीला न्यावं लागतील बघा."

माणूस काही वावगं बोलत नव्हता. मॅडमनी इकडं तिकडं पाहिलं, पोरी अजून आल्या नव्हत्या. त्यांनी ओढणीत अंडी घेतली. कोमट होती, टिटवी नुकतीच उठलेली. ती त्यांच्या डोक्यावरून किंचाळत घिरट्या घालत होती आणि मॅडम मान खाली घालून कुंपणाच्या कडेपर्यंत चालत गेल्या. गवतात अंडी ठेवली. परत येऊन चपलेनं कक्षा पुसली.

पोरी आल्या तशी सिमरननं विचारलं, "मॅडम, कक्षा कुठं गेली?"

"पुसली. मैदानावर जादा रेघ नको म्हणाले."

"अन् अंडी?"

"आहेत की गं तिथंच. पण जवळ जाऊ नका, गर्दीनं टिटवी बिथरलीय."

किती सहज बोलल्या! खरं सांगितलं तर पोरी रडतील, रडल्या की पाय उचलणार नाहीत, सामना झाला की सांगू, असा हिशोब मनात पक्का होता. चांगला हिशोब होता, फक्त त्या क्षणापासून त्यांना सिमरनच्या डोळ्याला डोळा देता येईना.

अंतिम सामना पणदऱ्याच्या संघाशी पडला. जिंकेल तो जिल्ह्याला, इंदापूरला. या शाळेतून आजवर कुणी गेलं नव्हतं. मॅडमनी कबूलच केलं होतं, "इंदापूरला पोचलो की उजनीच्या पाण्यावरचे पक्षी दाखवीन." सिमरननं तर अब्बाकडून जाण्याची परवानगीही आधीच काढून ठेवली होती.

खेळ रंगला. पणदऱ्याची एक पोरगी पळता पळता खांबामागं पार रेषेपर्यंत गेली, तर रांगेत बसलेली सिमरन ओरडली, "अगं ए, बघून! अंडी हायेत तितं!" पंचांनी तिला दटावलं. बघणारे हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. तेव्हाच उठून सांगायचं होतं. नाही सांगितलं.

मध्यंतरात त्या कुणाच्या नकळत कुंपणाकडं गेल्या. गवतात तीनच अंडी होती. कावळ्यानं नेलं की मुंगसानं, देव जाणे. उरलेली उन्हात उघडी पडलेली, आणि टिटवी तिकडं खांबावर घिरट्या घालत होती. जे त्यांनी फळ्यावर लिहून शिकवलं होतं, अगदी तेच घडत होतं. मॅडमनी अंड्यांवर थोडं गवत ओढलं आणि ओढताना त्यांना स्वतःचीच शिसारी आली. हे काय करतोय आपण, कुणाला फसवतोय?

शेवटच्या पाळीत एका गुणाची गरज उरली. पणदऱ्याची पोरगी खांबापाशी आली, एक पाय रेषेच्या आत, एक बाहेर. मागं सिमरन. सगळं मैदान उभं राहिलं. "सूर मार! सिमे, सूर मार!" तिनं अंग झुकवलं, हात लांब केले, आता झेपावणार, आणि थबकली. सरळ थबकली! पोरगी वळसा घालून निसटली आणि शिट्टी वाजली.

पणदऱ्याच्या पोरींनी एकच कालवा केला. युवराज सर हळहळले, "हातातोंडाशी आलेला घास हो मॅडम! थांबली का ती?"

मॅडमना माहीत होतं ती का थांबली.

सिमरन धापा टाकत आली. रडत नव्हती. "मॅडम, चुकले. पर सूर मारला असता तर छातीखालीच आली असती चारी." मग जरा हसून म्हणाली, "बघून येते. टिटवी लय वरडतीय."

"सिमरन, थांब," मॅडम म्हणाल्या, पण ती पोचलीही होती. गुडघ्यावर बसून मुरमात बोटांनी हलके हलके शोधत होती. एकेक खडा उचलून बघत होती. मॅडम मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"दिसंनात, मॅडम."

"नाहीयेत ती तिथं," मॅडम म्हणाल्या. "सकाळीच उचलली मी. तुम्ही यायच्या आधी."

सिमरन तशीच बसून राहिली, हातात एक खडा. मग म्हणाली, "सांगायचं हुतं की वो. मी सूर मारला असता."

बस्स, एवढंच. चिडली असती, रडली असती, पाय आपटले असते तरी मॅडमनी सोसलं असतं. पण तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं उमगत नव्हतं तिला. शिकवलेलं एखादं गणित चुकीचं निघावं तशी बघत होती ती मॅडमकडं.

तेवढ्यात बाकीच्या पोरी पळत आल्या, डोळे पुसत, नाक ओढत. "सिमे, हायेत का गं? फुटली न्हाईत ना?"

सिमरननं वर पाहिलं. एकदा मॅडमकडं, एकदा पोरींकडं. मग हातातला खडा अलगद खाली ठेवला आणि दोन्ही हात आडवे पसरून उभी राहिली.

"हायेत," ती म्हणाली. "चारी हायेत. लांब ऱ्हावा."

आणि त्या हरलेल्या पोरींनी टाळ्या पिटल्या हो! नाचल्या. एकजण म्हणाली, "जाऊ दे इंदापूर, अंडी तर वाचली." मॅडमना वाटलं, धरणीनं आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावं. आपण गप्प बसलो तर ही पोरगी आपलं खोटं जन्मभर वागवेल, आणि आपल्यावरच्या मायेनं वागवेल.

"थांबा गं," त्या म्हणाल्या. "टाळ्या वाजवू नका. सिमरन खोटं बोलतीय. माझ्यासाठी बोलतीय."