मायदेईनं सांगितलेली मालिका

"काय म्हणाली गं ती?" आमायनी विचारलं.

टीव्हीच्या पडद्यावरची ठकुराईन बरंच काही म्हणाली होती. एरवी आमायनी, म्हणजे सासूबाईंनी, असं विचारलं की मायदेई धडाधड सांगत सुटायची. पण आज कोचावर नणंद बसली होती, तेते शुपिकाय. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं टंकलेखन करून निवृत्त झालेल्या तेतेंना इंग्रजी पाण्यासारखं येत होतं.

"म्हणते, यंदा पाऊस लांबलाय."

"एवढं मोठं बोलली, आणि पावसाचं?"

"श्रीमंत माणसं आहेत, आमाय. लांबण लावतात."

तेतेंनी चहाचा घोट घेतला आणि कपाच्या कडेवरून भावजयीकडे पाहिलं. वीज जावी म्हणून मायदेईनं मनातल्या मनात धावा केला. म्कोबा वस्तीतली वीज आठवड्यातून तीन-चारदा दुपारी चारच्या ठोक्याला जायची, कुणाचा भात अर्धा शिजला आहे की कुणाची इस्त्री अर्धी झाली आहे याची तिला पर्वा नसायची. आज शनिवारी मात्र साडेचार झाले तरी बया ठाण मांडून बसली होती.

मालिका हिंदुस्थानातली होती, वर इंग्रजी आवाज चिकटवलेले. आमायना दोन्ही भाषा सारख्याच परक्या. म्हणून त्या खुर्चीत, मायदेई त्यांच्या गुडघ्याशी चटईवर, आणि पडद्यावरचं बोलणं मायदेईच्या तोंडून घरच्या शोना भाषेत, असा अकरा महिने शिरस्ता होता. मतं मात्र आमायची स्वतःची. या बायका दागिने घालून झोपतात त्या अर्थी त्यांच्याकडे चोर नसावेत. कुणी काही बोललं की तिघांची तोंडं तीन-तीनदा दाखवतात, तेवढ्या वेळात माझं शेंगदाण्याचं कूट दळून होईल. आणि स्वयंपाकघरात एवढी ये-जा, पण एकीच्याही हाताला कधी पीठ लागलेलं दिसत नाही.

खोटेपणा सुरू झाला तो पहिल्याच आठवड्यात. मायदेईचा नवरा तोगारा खाणीतल्या अपघातात गेला त्याला जेमतेम महिना झाला होता. बायकोच्या पायगुणानं गेला, अशी कुजबुज आमायच्याही कानावर होती आणि त्या सुनेशी धड बोलत नव्हत्या. पडद्यावर पांढऱ्या साडीतली विधवा जेवायला बसली आणि तिची सासू, ठकुराईन, तिच्यावर ओरडली, नवऱ्याला खाल्लंस, आता अन्न खातेस? आमायनी विचारलं तेव्हा मायदेईला ते उच्चारण्याचा धीर झाला नाही. ती म्हणाली, "म्हणते, पोटभर जेव गं, रडून रडून वाळलीस."

त्या रात्री आमायनी सुनेच्या साड्झावर, मक्याच्या घट्ट उकडीवर, मटणाचा तुकडा वाढला. वाढताना तोंड फिरवलं होतं, पण वाढला.

मग मायदेईनं ठकुराईनीला माणसात आणलं ते आणलंच. तिकडे पडद्यावर ठकुराईन त्या पोरीला कोंडायची, धाकट्या मुलाच्या गळ्यात बांधायचे बेत करायची. इकडे म्कोबात तीच ठकुराईन म्हणायची, ही माझी लेक, हिला कुणी बोट लावायचं नाही. आणि आमाय मांडीवर थाप मारून म्हणायच्या, "बाई म्हणावी तर ही! दीर करायचा की नाही ते पोरीनं ठरवावं. घर तिचंच आहे."

या एका वाक्यावर मायदेईचा सगळा डोलारा उभा होता. कारण उद्या तोगाराच्या वर्षाचा विधी होता. परसात त्यासाठीच बिअरची पिंपं फसफसत होती. उद्या जमलेल्या नातलगांसमोर तोगाराची काठी मायदेईच्या हातात देणार, आणि ती ज्या दिराच्या हातात काठी ठेवील तो तिचा नवरा. दीर नको असेल तर काठी नणंदेला द्यायची. पण नणंदेनं ती घेतली पाहिजे, आणि घराची मालकीण म्हणून सासूनं हो म्हटलं पाहिजे. नाहीतर लेकराला, नऊ वर्षांच्या विम्बायला, घेऊन माहेरची वाट.

दीर एकच, मुसेकिवा. क्वेक्वे शहरात त्याची बायको होती, चार मुलं होती. गेल्या महिन्यात येऊन त्यानं तोगाराच्या खुर्चीचे पाय चार बोटं कापले होते, कारण तो बुटका होता. मायदेईच्या शिलाई मशीनकडे बघून, "हे खटारं इथून हलवू," असंही म्हणाला होता. शाळेचे गणवेश शिवून त्याच मशीनवर घर चाललं होतं.

पडद्यावर ठकुराईनीनं विधवेच्या डोक्यावर लाल चुनरी टाकली.

आमाय पुढे सरकल्या. "लाल कापड कशाला टाकलं गं?"

"ताप आलाय तिला. थंडी वाजतेय."

"आणि हातभर बांगड्या? तापात?"

"सांग ना, माय विम्बाय," तेते तिला लेकराच्या नावानं हाक मारत गोड आवाजात म्हणाल्या. "मलाही ऐकायचंय. मी बघते ती मालिका वेगळीच दिसतेय."

पडद्यावर मांडव आला, होम पेटला. धाकटा मुलगा फेटा बांधून बसला. मायदेई घाईघाईनं म्हणाली, "तापासाठी पूजा घातलीय, आमाय." आणि तेवढ्यात त्या फेटेवाल्यानं पोरीच्या गळ्यात काळे मणी बांधले. भाषा कळायची गरजच उरली नाही.

"पुरे!" तेतेंनी चहाचा कप आपटला. "आमाय, लग्न लागतंय ते. सख्ख्या दिराशी. आणि त्या ठकुराईनीनंच ठरवलंय, तीन महिन्यांपूर्वी. ही तुला अकरा महिने वेड्यात काढतेय!"

आमायनी पडद्यावरून नजर काढली नाही. "खरं का गं?"

मायदेई गुडघ्यांवर बसली. हात जोडलेले होते. "खरं."

"'ही माझी लेक' म्हणाली होती ती?"

"ते मी बोलले, आमाय."

"आणि ते जेवायचं?"

"तेही."

मायदेईला वाटलं, आमायनी एक लगावली असती तर बरं झालं असतं.

"शेजारच्या माय चेंगेतायशी भांडले मी," आमाय हळू म्हणाल्या. "चर्चमधून येताना ती म्हणाली, ठकुराईन कैदाशीण आहे. मी म्हटलं, तुला इंग्रजी कळत नाही. चारचौघींत म्हटलं. त्या सगळ्या गालात हसत होत्या. मला वाटलं, तिलाच हसतायत."

"बघ आता!" तेते उठून उभ्या राहिल्या. "असल्या हातानं उद्या ही काठी उचलणार. सरळ सांग तिला, मुसेकिवा नाहीतर माहेर. घर आपल्यातच राहिलं पाहिजे. मी काही काठी घेणार नाही."

"बस खाली."

"आमाय, अगं—"

"बस म्हटलं ना! गोष्ट खोटी सांगितली हिनं. पण 'पोरीनं ठरवावं, घर तिचंच आहे' हे कुणी म्हटलं? ते काही इंग्रजीतून आलं नव्हतं. ते माझ्या तोंडचं, शोनातलं. एखादी बाई टीव्हीत वाईट निघाली म्हणून मी माझी जीभ फिरवू?" त्यांचा श्वास लागला होता. "उद्या ही काठी तुला देईल. तू घेशील. आणि तोंड वाकडं न करता घेशील."

मायदेईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं सासूचे पाय धरायला हात पुढे केले. आमायनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी तेतेंनी काठी घेतली. तोंड वाकडं केलंच, पण घेतली. मुसेकिवा जेवायला थांबला नाही.

सोमवारी दुपारी आमायनी चर्चला जायचे बूट चढवले आणि एकट्याच कुंपणापलीकडे गेल्या. मायदेई मशीनवर होती, तिला खिडकीतून दिसलं. माय चेंगेतायच्या दारात आमाय ताटकळत उभ्या होत्या आणि ती लवकर बाहेर येत नव्हती. शेवटी आली. आमाय तिच्याशी काहीतरी बोलल्या, मान खाली घालून. मग हाताला धरून तिला घरी घेऊन आल्या आणि मालिकेच्या वेळी आपल्या गुडघ्याशी चटईवर बसवलं.

माय चेंगेताय सांगू लागली. तिचं सांगणं खरं होतं आणि रुक्ष होतं. आमाय ऐकत होत्या, मत काही देत नव्हत्या.

मायदेईनं चहा केला, आत जाऊन गुडघे टेकले आणि दोघींपुढे कप ठेवले. आमायनी कप उचलला आणि "साखर बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या. मायदेई स्वयंपाकघरात परतली. दार तिनं थोडं उघडंच ठेवलं, आणि भिंतीला टेकून आपला चहा प्यायली.