आवाज बंद केलेली चित्रफीत

बाबा शिलाई मशीनचं डोकं आडवं पाडून त्याच्या पोटात तेल सोडत होते आणि माझी लेक त्यांच्या नाकासमोर फोन धरून उभी होती. घरातल्या एखाद्या माणसाच्या कामावर छोटी चित्रफीत करा, असं शाळेने सांगितलं होतं.

"ठकी, मागे सरक. दुरुस्तीला मशीन आलीय, मी नाही."

"आजोबा, तुम्ही बोलत राहा. काय करताय ते सांगा."

"सांगायचं काय? ऐक." त्यांनी चाक हाताने सावकाश फिरवलं. "हा टक् आला बघ. हा नको असलेला टक्. आत शटल घासतंय."

बाबा मशीन आधी ऐकत आणि मग उघडत. बाहेरची खोली हेच त्यांचं दुकान. आलेल्या प्रत्येक मशीनला ते दोऱ्याने चिठ्ठी बांधत, चिठ्ठीवर मालकाचं नाव. नाव लिहिल्याशिवाय मशीन उंबऱ्याच्या आत घेत नसत. मी एका प्रकाशन संस्थेसाठी मुद्रितं तपासते. त्या दुपारी तीच घेऊन दारात बसले होते.

"आजोबा, हे सगळं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"बिघडलेल्या मशीननी. तुझ्या आईला विचार, तीही लोकांच्या चुकांवरच पोट भरते."

ठकी इतकी हसली की फोन हलला. मग मी चहा ठेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना उठवायला गेले, तेव्हा त्यांचा हात गार पडला होता.

चित्रफीत ठकीने नंतर शाळेच्या संगणकावर पूर्ण केली. शाळेने ती आपल्या पानावर लावली. नातेवाइकांनी बघितली, बाबांच्या गिऱ्हाइकांनी बघितली. मी बघितली नाही. तिथे आहे, कुठे पळून जातेय, असं स्वतःला सांगत राहिले. पण एक दिवस बाबांचं एक वाक्य मनात म्हणून पाहिलं आणि ते माझ्याच आवाजात ऐकू आलं. पुन्हा म्हटलं, तरी माझ्याच आवाजात. तेव्हा घाबरून मी फोन उघडला.

बाबा दिसले. चाक फिरवत होते, ओठ हलत होते. आवाज नव्हता. मी फोनचा आवाज वाढवला, फोन कानाला लावला, बंद करून पुन्हा सुरू केला. मग खालची ओळ वाचली. हक्कधारकाच्या दाव्यामुळे या चित्रफितीचा आवाज बंद करण्यात आला आहे.

"ठकी, यात तू काय घातलंस?"

"मागे व्हायोलिन लावलं. एकदम हळू. का गं?"

"कुठून घेतलंस?"

"नेटवरून. सगळेच घेतात." माझा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "पण शेवटी त्या वादकाचं नाव दिलंय मी. 'मनःपूर्वक आभार' पण लिहिलंय."

"फोनमध्ये मूळ चित्रण आहे ना?"

ती फोनची कड नखाने खरवडू लागली.

"ठकी."

"फोन भरला होता. सरांच्या संगणकावर घेतलं आणि इथून पुसलं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटण्याच्या सुमाराला आम्ही दोघी संगणकाच्या सरांपुढे बसलो होतो. तरुण माणूस, सौम्य, पण हातातला माऊस सोडत नव्हता.

"सत्र संपलं की सगळे संगणक आम्ही साफ करतो, ताई. मूळ फाइल गेली."

"मग या चित्रफितीतलं फक्त व्हायोलिन काढून टाका."

"तिने दोन्ही आवाज एकत्र करून टाकलेत. चहातून साखर काढण्यासारखं आहे ते. आणि आता पानावरून उतरवून घेतली तरी मिळेल ती मुकीच." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "शाळेच्या पानावर आधीच असे दावे आलेत. मुख्याध्यापिका म्हणतात, आज शाळा बंद व्हायच्या आत ही पुसून टाका."

"पण सर, मी अर्धंच मिनिट वाजवलंय, मग तेच पुन्हा पुन्हा लावलंय," ठकी म्हणाली. "अर्ध्या मिनिटापर्यंत चालतं म्हणे."

"'म्हणे'वर कायदा चालत नाही, बाळ. वर्गात दाखवून ठेवून दिली असती, तर बहुधा कुणी काही म्हटलं नसतं. आपण ती जगासमोर टांगली."

ठकीने माझी बाही धरली. "आई, मला पोलीस नेतील का?"

"नाही गं."

"पण मी नाव दिलं होतं. आजोबा नाही का, प्रत्येक मशीनला नाव बांधायचे? नाव असलं की चोरी कशी होईल?"

तिची चूक कुठे झाली ते मला तेव्हा कळलं. ती आमच्या घरातच झाली होती.

"मशीनवर नाव असलं, तर ती कुणाची ते कळतं," मी म्हणाले. "पण आजोबांनी नाव बांधलं आणि त्या मशीनवर स्वतःचे कपडे शिवायला बसले, असं कधी झालं का? मालकाला विचारावं लागतं. वादकाला तू विचारलं नाहीस."

"मग आता विचारू या ना."

विचारून झालं होतं. आदल्या संध्याकाळीच मी त्या वादकाला ईमेलने पत्र पाठवलं होतं. पुस्तकात कुणाच्या चार ओळी घ्यायच्या असल्या की आम्ही पाठवतो, तसंच. कोणता भाग, किती वेळ, कशासाठी. खाली माझा फोन नंबर. उत्तर आलं नव्हतं. आता सरांच्या पडद्यावर बाबांचे ओठ हलत होते आणि त्यांच्या शेजारी 'काढून टाका' असं बटण होतं. मला वाटलं, ते दाबलं की बाबा दुसऱ्यांदा जातील, आणि या वेळी मी समोर बसून बघत असेन.

बाहेर शिपाई वर्गांना कुलपं लावत येत होता. सरांनी खुर्ची पुढे ओढली. "ताई, माझाही नाइलाज आहे."

तेवढ्यात फोन वाजला.

"ते पत्र तुम्हीच पाठवलंत का?" वयस्कर, घोगरा आवाज. "व्हायोलिनचं?"

"हो. तुम्ही..."

"वाजवणारा. ऐका बाई, रोज कुणीतरी माझी धून उचलतं. परवा एका गादीच्या दुकानाच्या जाहिरातीत मीच मला सापडलो. पकडलं की सगळे म्हणतात, शाळेसाठी होतं."

"हे खरंच शाळेसाठी आहे. माझी मुलगी समोर बसलीय. चूक झाली तिची."

"बघितली मी. मुकीच बघितली. ते गृहस्थ छान बोलत असणार." ते खाकरले. "सोपं आहे की. त्यांना पुन्हा बोलायला बसवा. माझ्या धुनेशिवाय नवी करा. मग माझी परवानगी लागणार नाही आणि माझा रागही नाही."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. सरांनी माऊसवरचा हात उचलला. ठकी टेबलाची कड घट्ट धरून माझ्याकडे बघत होती.

"हॅलो? आहात ना?"

"तसं जमणार नाही," मी म्हणाले.

"का? परगावी असतात का ते?"

मी पडद्यावर हलणाऱ्या बाबांच्या ओठांकडे बघत राहिले.  पलीकडे त्यांच्या खोलीत कुणीतरी लहान मूल चुकतमाकत व्हायोलिन वाजवत होतं, ते थांबलं.

"हं," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "तुमच्या सरांना सांगा, हात लावू नका. हक्क माझाच राहील, पण या चित्रफितीपुरती परवानगी देतोय. नाव आहे तसं राहू द्या. दावा आत्ता मागे घेतो, आवाज परत येईल, आणि तसं लिहूनही पाठवतो. आणि तुमच्या मुलीला म्हणावं, पुढच्या वेळी आधी विचार. मी नाही म्हणत नाही."

"सांगते," मी म्हणाले. मग ठकीकडे बघून मान हलवली, तशी तिने डोकं टेबलावर टेकवलं.

"पण मला कळत नाही," ते म्हणाले, "पत्रात सेकंदसुद्धा मोजून लिहिलेत तुम्ही. हे एवढं का नाही लिहिलंत?"

सगळ्यांना माझ्या मोठ्या भावाने कळवलं होतं. दारात येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी दुकान बंद आहे एवढंच सांगत होते, आणि ठकीला तर काही सांगावंच लागलं नव्हतं, त्या सकाळी ती माझ्या मागेच उभी होती. मी उठून खिडकीशी गेले. मैदान रिकामं होतं.

"लिहिता येत नव्हतं," मी म्हणाले. "माझे बाबा गेले."