नाव न घातलेली तिसरी सीडी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे आणि मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. बसवणार तरी कसे? माझा जन्मच गरगर फिरण्यासाठी झालेला. त्यातून चार वर्षे मी बिननावाची होते, आणि माझ्या पोटात जे होते ते जगात दुसऱ्या कुणाकडे उरले नव्हते. माझा जीव खालीवर होणार नाही तर काय?

आम्ही पन्नासजणी एका प्लॅस्टिकच्या दांड्यावर, एकीवर एक बसून, एका घड्याळजींच्या घरी आलो. घड्याळजींना तेव्हा घशाचा आजार झाला होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते, "ऑपरेशन करू, जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही." म्हणून ऑपरेशनच्या आधी दोन दिवस त्यांच्या मुलीने, म्हणजे ताईने, त्यांना संगणकासमोर बसवले, पुढ्यात माइक ठेवला आणि म्हणाली, "बाबा, बोला. काहीही बोला."

घड्याळजी आधी लाजले. मग जे सुटले ते बावन्न मिनिटे थांबले नाहीत. बायकोला रोजच्यासारखी हाक मारली, धाकट्या भावाची नक्कल केली, मनोऱ्यावरच्या घड्याळात पाखराने घरटे बांधल्यामुळे सगळ्या गावाला उशीर झाला होता तो किस्सा रंगवून सांगितला. ताईला तेव्हा सातवा महिना होता. अगदी शेवटी ते तिच्या पोटातल्या बाळाशी बोलले. ताईने त्या बोलण्याच्या तीन सीडी राइट केल्या. त्यातली तिसरी मी.

आता आमच्यावर नाव कसे घालायचे, यावरून घरात जुंपली. ताईचे काका भलतेच टापटिपीचे. त्यांच्या घरी मिठाच्या बरणीवरसुद्धा छापील चिठ्ठी. ते म्हणाले, "हाताने लिहिलेलं शोभतं का? मी गोल स्टिकर छापून आणतो. दादाच्या फोटोसकट!"

"छापायचं कशाला? घरात बॉलपेनं काय कमी आहेत?" ताईची आई म्हणाली.

घड्याळजी मजेत म्हणाले, "भांडा, भांडा. आवाज आहे तोवर मध्ये बोलून घेतो. दोघंही आपापल्या मनासारखं करा."

दोघांनीही केले. पहिलीवर काकांनी स्टिकर चिकटवला. ती इतकी नटली की आल्यागेल्याने तिचे कौतुक केले. दुसरीवर आईने बॉलपेन दाबून दाबून लिहिले, "ह्यांचा आवाज". मित्रांनो, आम्हा सीडींची खालची बाजू चकचकीत म्हणून सगळे तिलाच जपतात. पण आमचा खरा ठेवा वरच्या, नाव घालायच्या बाजूला असतो. त्याच्यावर नुसता पातळ मुलामा. तिथे टोचले की थेट काळजाला लागते.

हे घरात एकट्या ताईने वाचलेले. तिने सांगूनही पाहिले, पण त्या गडबडीत ऐकतो कोण? शेवटी तिने मला बाजूला घेतले. "हिच्यावर मी मधल्या पारदर्शक कड्यावरच लिहीन. पाण्याच्या शाईचं, मऊ टोकाचं पेन लागेल. उद्या आणते." तोवर ओरखडा नको म्हणून तिने मला पुन्हा दांड्यावर, कोऱ्या सीडींच्या मधोमध ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी इस्पितळाची धावपळ सुरू झाली, मग बाळंतपण आले, आणि पेन राहिले ते राहिलेच. सगळ्यांत जास्त जपणारीनेच मला बेवारशी करून टाकले.

पुढे काकांनी संगणक "साफ" केला. "सीडी आहेत की तीन!" असे म्हणून त्यातला आवाजही पुसून टाकला. मग पहिलीचा स्टिकर एका बाजूने सुटला. ती यंत्रात थडथडू लागली आणि अडकली. काकांनी ओढून स्टिकर काढला, तर त्याच्याबरोबर तिची चंदेरी कातडीही सोलून आली. दुसरी फिरायची, पण आईने जिथे जिथे अक्षर दाबले होते तिथे तिथे अडखळायची. एके दिवशी तीही गप्प झाली. आई हमसून रडली. "मीच माझ्या हाताने केलं गं हे," एवढेच म्हणत राहिली.

ताईने तिसरीचा शोध घेतला, पण मला कुठे ठेवले होते ते त्या धावपळीत ती साफ विसरली होती. कपाटे उपसली, डबे पालथे घातले, नाव असलेली एकूण एक सीडी लावून पाहिली. मी चार हातांवर होते, मित्रांनो! ओरडावेसे वाटत होते. पण कोऱ्या सीडींत कोण शोधणार?

त्यानंतर गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडला. चमचमते काही टांगले की कबुतरे येत नाहीत, असे आईला कुणीतरी सांगितले. ती रोज दांड्यावरून एकेक कोरी सीडी काढून सुतळीने कठड्यावर बांधू लागली. माझ्या वरच्या एकेक करून जात होत्या आणि मी धास्तावून दिवस मोजत होते. कारण आम्हाला ऊन सोसत नाही, उन्हात आमच्यातले सगळे उडून जाते. एका सकाळी माझा नंबर लागलाच. चार दिवस मी त्या उन्हात भिरभिरत होते. कबुतरे माझ्याच शेजारी येऊन बसत, ते निराळेच.

पाचव्या दिवशी घड्याळजी नातीला घेऊन गॅलरीत बसले. नात चार वर्षांची, नुसती भिंगरी. आजोबांचा आवाज तिने जन्मात ऐकलेला नव्हता. आजोबा म्हणजे पाटीवर लिहून बोलणारा माणूस, अशीच तिची समजूत. ती मला टिचक्या मारून फिरवत होती. घड्याळजींनी एकदम मला धरले, खिशातले भिंग डोळ्याला लावले आणि चकचकीत बाजू उजेडाकडे फिरवली. राइट केलेल्या भागाचा रंग किंचित गडद असतो. केसाएवढ्या चाकांवर आयुष्य काढलेला तो डोळा, त्यातून तो फरक सुटतो होय? त्यांनी कठडा धडाधडा बडवला. ताई धावत आली. पाटीवर लिहिले होते, "ही कोरी नाही."

ताईने सुतळी तोडून मला यंत्रात घातले. मी जीव खाऊन फिरले. किश्शात दोनदा अडखळले, उन्हाने तेवढे नेलेच. आणि मग शेवटचे बोलणे आले, सगळेच्या सगळे.

"बाळा, मी तुझा आजोबा बोलतोय. घाई करू नकोस हं. सावकाश ये. आम्ही सगळे तुझी वाट बघतोय."

नातीने यंत्राकडे पाहिले, मग आजोबांकडे. आणि त्यांच्या गळ्याला हात लावून ती मोठ्याने म्हणाली, "आजोबा, मी आले! कधीच आले!"

घड्याळजी आवाज न करता रडले. दुसऱ्या कुठल्या प्रकारे त्यांना रडता येत नव्हते.

त्याच दुपारी पेन आले. काका म्हणाले, "'दादाचा जुना आवाज' असं लिहा." घड्याळजींनी नकारार्थी मान हलवली आणि पारदर्शक कड्यावर घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखे सुबक लिहिले, "आजोबा बोलतात."

मित्रांनो, आपल्या माणसाचा आवाज साठवाल तर नाव त्याच दिवशी घाला, आणि हलक्या हाताने घाला. ताई म्हणाली आहे, "हिची दुसरी प्रत उद्या काढते." तिला कुणीतरी सांगा, उद्या नको, आज काढ.